साच्याचें आयुष्य

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचें नांव एका खेळण्यावरून पडलेलें आहे, ही गोष्ट तें नाटक पाहून आलेले लोकसुद्धां पुष्कळदां विसरतात. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो, आणि वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरून त्या मातीच्या गाडींत भरते. पुढें त्याच अलंकारांनीं चारुदत्ताला सुळाच्या वाटेपर्यंत नेलें. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माणसास खेळण्यांतल्या गाडीवर चार शब्द लिहावेसे वाटले तर एवढा आधार पुरे आहे. महाराष्ट्रांत याहूनहि जुना आधार निघतो. १९७४ सालीं प्रवरेच्या कांठच्या दायमाबादेस कांशाच्या चार वस्तु सांपडल्या; त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ असून त्यावर एक पुरुष उभा आहे. तो रथ पूजेचा होता कीं खेळण्याचा, हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. मोठें वाहन पाहिलें कीं त्याची लहान प्रतिकृति करावी, ही माणसाची हौस तीन हजारांहून अधिक वर्षांची आहे, एवढें त्यावरून निश्चित होतें.

मला आज ज्या गाडीविषयीं लिहावयाचें आहे, ती मात्र मातीची नाहीं आणि कांशाचीहि नाहीं. ती प्लास्टिकची आहे, आणि ती घडविणारा कारखाना अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं होता. त्याचें नांव 'जो-हान'. वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं हें नांव ऐकलें असेल. खुद्द अमेरिकेंतहि जुन्या खेळण्यांचा संग्रह करणारे सोडले तर तें कोणाच्या ध्यानांत राहिलेलें नाहीं. पेणच्या एका निवृत्त मास्तरानें इतक्या दूरच्या आणि इतक्या लहान कारखान्याची चौकशी कां करावी, असा प्रश्न साहजिकच येईल. त्याचें उत्तर असें कीं, पेण हें साच्यांवर जगणारें गांव आहे, आणि जो-हानचा इतिहास हा मुख्यतः साच्यांचाच इतिहास आहे.

पेणचे गणपति कोणास ठाऊक नाहींत? गांवांतल्या आळ्यांपासून हमरापूर-जोह्यापर्यंत ज्या कार्यशाळा पसरल्या आहेत, त्यांत चतुर्थीचा विसर्जनसोहळा आटोपून थोडे दिवस लोटले कीं पुढच्या वर्षाचें काम सुरू होतें. पहिली मूर्ति मूर्तिकार स्वतःच्या बोटांनीं घडवितो. तिच्यावरून साचा निघतो. पूर्वीं तो प्लास्टरचा असे, आतां बहुधा रबराचा असतो. साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात. त्यांवर हात फिरवून सांधे मिटवितात, रंग देतात, आणि शेवटीं जाणता कारागीर डोळ्यांची आंखणी करतो. ह्या मूर्ति मुंबई-पुण्यासच काय, पण सातासमुद्रांपलीकडे आपलीं माणसें जेथें जेथें आहेत तेथें तेथें जातात, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत बहुतेक सर्व पाण्यांत विसर्जित होतात. मूर्ति जाते आणि साचा मागें उरतो, हा आमच्या गांवचा नियम आहे. जो-हानच्या बाबतींत हा नियम नेमका उलटा झाला. तेथें साचे गेले आणि मूर्ति उरल्या. ह्या उलटापालटींतच मला आपल्याकरितां कांहीं शिकण्यासारखें दिसलें, म्हणून हा प्रपंच.

ह्या कारखान्याची ओळख मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें झाली. तो नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतो. सुटीवर आला असतां त्यानें माझ्या नातवास एक जुनी पेटी आणून दिली. पेटींत गाडी नव्हती. गाडीचे सुटे भाग होते, आणि ते सारे बारीक प्लास्टिकच्या कांड्यांना फळांच्या घडांसारखे लगडलेले. ते तोडावयाचे, घांसावयाचे, आणि कागदावर दिलेल्या क्रमानें डिंकासारख्या एका द्रवानें जोडावयाचे. तीन संध्याकाळ नातू ओटीवर बसून तें जोडीत होता, आणि मी चष्मा लावून कागद वाचून दाखवीत होतों. गाडी पुरी झाली तेव्हां हाताच्या वितीएवढ्या त्या वस्तूंत चक्रें, आसनें, आरसा, फार काय, यंत्राच्या नळ्यासुद्धां जागच्या जागीं होत्या. हें करणारा कोण, असें मीं विद्यार्थ्यास विचारलें. आणि त्यानें सांगितलेल्यावर माझी जिज्ञासा भागेना, म्हणून पुढें मी स्वतःच माहिती जमवीत गेलों.

१९४७ सालीं जॉन हॅनली नांवाच्या गृहस्थानें हा कारखाना काढला. हा मूळचा पोलादी साचे कोरणारा कारागीर. व्यापारी माणसानें कारागीर नोकरीस ठेवावा, ही जगाची रीत. येथें कारागीरच धनी झाला होता. कारखान्याचें पहिलें नांव 'आयडियल मॉडेल्स' असें होतें, परंतु त्याच नांवाची खेळण्यांची एक मोठी कंपनी आधींपासून असल्यामुळें तें बदलणें भाग पडलें. तेव्हां जॉनमधला 'जो' आणि हॅनलीमधला 'हान' घेऊन नवें नांव तयार झालें. वैयाकरणांस लाघवाची हौस असते. हें लाघव त्यांसहि पसंत पडावें. त्याच सुमारास मिल्वॉकी शहरीं 'प्रॉडक्ट मिनिएचर' ही कंपनी असलेंच काम करीत होती, आणि दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९४८ सालीं, 'ए. एम. टी.' ही तिसरी कंपनी निघाली. ह्या मंडळींत जो-हान पुढेंहि लहानच राहिली. नांवाचा गाजावाजा इतरांचा झाला. जो-हानचें नांव झालें तें कामाच्या नेटकेपणाकरितां.

हें काम मूळ निघालें कशांतून, तें पाहण्यासारखें आहे. तेव्हां मोटारींचे कारखाने दर शरदृतूंत पुढील वर्षाच्या गाड्या बाजारांत आणीत. पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकास गाडी दाखवावयाची, त्याच्या मुलाच्या हातीं तिचीच लहान प्रतिकृति द्यावयाची, आणि मग त्या मुलानें घरीं जाऊन बापाचें डोकें खावें, अशी ती विक्रीची युक्ति होती. प्रतिकृतीस रंग द्यावयाचा तोहि खऱ्या गाडीच्या रंगपट्टींतला, म्हणजे गिऱ्हाइकास टेबलावरच रंग निवडतां यावा. अर्थात् प्रतिकृति आणि गाडी एकाच वेळीं पेढीवर आल्या पाहिजेत. म्हणून मोटारकंपनी आपले आराखडे खेळणीं करणारांच्या हातीं कित्येक महिने आधीं देई, आणि जी गुपितें मोठमोठ्या वर्तमानपत्रांस मिळत नसत तीं ह्या लहानशा कारखान्यांत निमूटपणें सांभाळलीं जात. गाडीच्या पंचवीस इंचांस प्रतिकृतीचा एक इंच, असें प्रमाण असे. १९५९ सालची कॅडिलॅक ही मोटार सव्वादोनशें इंच लांब होती. तेव्हां तिची प्रतिकृति बरोबर नऊ इंचांची भरे. मुलांस त्रैराशिक शिकवावयाचें तर ह्याहून गोड उदाहरण सांपडणें कठीण.

आपल्या मुंबईशींहि ह्या गाड्यांचा संबंध पोंचतो. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ह्या कंपनीनें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून १९४७ पासून कुर्ल्यास डॉज, प्लिमथ आणि डी सोटो ह्या गाड्या जुळविण्यास आरंभ केला. डेट्रॉइटांत जो-हानचा कारखाना निघाला तें वर्षहि हेंच. क्रायस्लरच्या प्लिमथ आणि डी सोटो ह्या गाड्यांच्या प्रतिकृति पुढें जो-हाननें केल्या. आमच्या घरचीं वडीलधारीं माणसें सांगत कीं, त्या काळीं लग्नांत वराला मिरविण्याकरितां पनवेलवरून अशी एखादी लांबरुंद अमेरिकन मोटार भाड्यानें आणीत, आणि वरापेक्षां मोटारीभोंवतींच मुलांची गर्दी अधिक होई. अमेरिकेंतल्या मुलाच्या हातीं तीच मोटार फुकट पडत होती. मात्र ती चालवावयास जमिनीवर गुडघे टेकावे लागत.

आतां द्रव्याविषयीं. आरंभींच्या प्रतिकृति सेल्युलोज ॲसिटेट नांवाच्या प्लास्टिकच्या होत. हें प्लास्टिक कापसासारख्या वनस्पतींच्या तंतूंपासून बनते. तें ठिसूळ राहूं नये म्हणून त्यांत एक मार्दव आणणारें द्रव्य मिसळावें लागतें, आणि हें द्रव्य वर्षें लोटतां लोटतां हळूहळू उडून जातें. मग ती वस्तु आकसते आणि वांकडी होते. त्या काळच्या कित्येक गाड्या आज संग्रहांत पाहाव्या तर मध्यें फुगलेल्या आणि दोन्हीं टोंकांस खालीं वांकलेल्या दिसतात, असें सांगतात. पेणच्या माणसास ह्याचें नवल वाटणार नाहीं. शाडूची मूर्ति सुकतांना आकसते, हें आमच्या येथील पोरासहि ठाऊक असतें. घाईनें उन्हांत ठेविली तर ती तडकते. म्हणून ती सावलींत, वाऱ्याच्या बेतानें वाळवावी लागते. द्रव्याचा स्वभाव ओळखणें हीच कारागिराची पहिली विद्या होय. १९६० नंतर एकदोन वर्षांत जो-हान आणि तिचे प्रतिस्पर्धी पॉलिस्टायरिन नांवाच्या दुसऱ्या प्लास्टिककडे वळले. तें आकसत नाहीं, वांकत नाहीं, आणि साच्यांतली केंसाएवढी रेघहि जशीच्या तशी उचलतें. नातवाच्या पेटींतले भाग ह्याच द्रव्याचे होते.

येथें रोह्याची आठवण निघाल्यावांचून राहत नाहीं. पेणहून वडखळ व नागोठणें मागें टाकून वाकण फाट्याला रोह्याच्या वाटेस लागलें, कीं आमडोशी गांव लागतो. तेथें सुप्रीम पेट्रोकेम कंपनीचा कारखाना १९९५ पासून हेंच पॉलिस्टायरिन बनवीत आहे, आणि भारतांत ह्या द्रव्याच्या उत्पादनांत त्याचें स्थान अग्रगण्य आहे. शीतकपाटाचे अंतर्भाग, दूरदर्शनाच्या पेट्या, प्याले, पट्ट्या अशा अगणित वस्तु त्यापासून होतात. तात्पर्य, ज्यावर साचे करणारा हात पोसला जातो तें पेण, आणि ज्यापासून डेट्रॉइटच्या गाड्या घडल्या तें द्रव्य निर्माण करणारा रोहे तालुका, हे दोन्हीं एकाच जिल्ह्यांत शेजारींशेजारीं नांदत आहेत. दोघांची गांठ मात्र खेळण्यापाशीं पडत नाहीं. त्यांच्यामधून रोज लोक एस. टी.नें जातात-येतात, एवढाच काय तो संबंध.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे साच्याकडे, वळूं. आमचा रबरी साचा लवचीक असतो; मूर्तीच्या सोंडेचें वळण, हाताखालची पोकळी ह्यांतून तो सोलून काढतां येतो. पोलादी साच्यास ही सवलत नाहीं. तो दोन किंवा अधिक ठोकळ्यांचा असतो. ठोकळे घट्ट मिटून वितळलेलें प्लास्टिक मोठ्या दाबानें आंत घालतात, थंड पाण्याच्या नळ्यांनीं तें निववितात, आणि मग ठोकळे उघडून वस्तु बाहेर काढतात. मोटारीच्या अंगावर दरवाजांच्या रेघा, दिव्यांच्या खोबणी, कडेची नक्षी अशीं नाना वळणें असतात. तीं साधण्याकरितां साच्याचे कांहीं भाग बाजूंकडे सरकावे लागतात. असा एक साचा कोरण्यास महिनेच्या महिने लागत, आणि खर्चहि अतोनात येई. म्हणूनच पुढच्या वर्षीं मोटारकंपनीनें गाडीचा पुढचा भाग बदलला, मागचे दिवे बदलले, कीं खेळण्यांचे कारखाने नवा साचा करीत नसत. जुन्याच साच्यांत तेवढा भाग खरवडून नवा कोरीत. पैशाच्या दृष्टीनें हें शहाणपणाचें होतें. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, १९६२ ची गाडी त्या साच्यांतून निघूं लागली म्हणजे १९६१ ची गाडी कायमची नाहींशी होई. धूळपाटीवर मुलानें नवें अक्षर काढावयाचें तर जुनें पुसावेंच लागतें. फरक इतकाच कीं, ही धूळपाटी पोलादाची होती, आणि पुसलेलें अक्षर पुन्हां गिरवणें कोणासहि शक्य नव्हतें.

जो-हानच्या वांट्यास गाड्या कोणत्या आल्या, हेंहि मननीय आहे. फोर्डसारखीं घरोघरीं लोकप्रिय असलेलीं नांवें बहुतांशीं इतर कारखान्यांकडे गेलीं. जो-हानकडे आल्या प्लिमथ, डी सोटो, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, रॅम्ब्लर, स्टुडबेकर ह्या. म्हणजे त्यांत ज्यांचा खप मध्यम अशाच पुष्कळ. कारखान्यानें त्यांवर तेवढीच मेहनत घेतली. आतां पुढें काय झालें तें पाहावें. डी सोटो १९६० च्या अखेरीस बंद पडली. स्टुडबेकरचा गाड्यांचा व्यवहार १९६६ सालीं संपला. रॅम्ब्लर बनविणारी अमेरिकन मोटर्स कंपनी १९८७ सालीं क्रायस्लरनें विकत घेतली, आणि ती नामशेष झाली. प्लिमथ हें नांव २००१ सालीं मिटलें, आणि शतकाहून अधिक काळ चाललेली ओल्ड्समोबिल २००४ सालीं थांबली. वरच्या सहा नांवांपैकीं आज रस्त्यावर नवी येते ती एकटी कॅडिलॅक. ज्यांच्या जाहिरातीकरितां हीं खेळणीं जन्मास आलीं, ते धनी गेले; आणि फुकट वांटलेलीं खेळणीं कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी कपाटांत शाबूत राहिलीं.

ह्या सर्वांत जी विलक्षण, ती कथा नातवानें जोडलेल्या गाडीचीच आहे. १९६३ सालीं क्रायस्लर कंपनीनें एक धाडसी प्रयोग आरंभिला. नेहमींच्या यंत्राऐवजीं विमानाच्या जातीचें टर्बाइन यंत्र बसविलेल्या पन्नास गाड्या तिनें बांधल्या. त्यांची अंगें इटलींतील ट्यूरिन शहरीं घिया ह्या प्रसिद्ध कारागीरसंस्थेनें घडविलीं. तांब्याच्या झांकेच्या त्या गाड्या घासलेटावर चालत, डिझेलवर चालत, खाद्य तेलावरहि चालूं शकत. कंपनीनें त्या विकल्या नाहींत. २०३ कुटुंबांस पाळीपाळीनें वापरावयास दिल्या, आणि त्यांचे अनुभव टिपून घेतले. १९६६ च्या सुमारास प्रयोग आटोपला. गाड्या परत मागविल्या, आणि आरंभींचे पांच नमुने धरून ज्या पंचावन्न झाल्या होत्या, त्यांपैकीं नऊ तेवढ्या ठेवून बाकीच्या जाळून चेंदून टाकल्या. परदेशी अंगावर भरावी लागणारी जकात हें त्याचें एक कारण सांगितलें जातें. असो. ह्याच गाडीचा जोडणीचा संच जो-हाननें क्रायस्लरच्या सहकार्यानें काढला होता. त्यांत तें टर्बाइन यंत्र त्याच्या नळ्यांसकट आहे; इतका बारकावा त्या काळच्या खेळण्यांत क्वचितच आढळे, असें जाणते लोक म्हणतात. खऱ्या गाड्या जगांत नऊ उरल्या. प्रतिकृति मात्र हजारों घरीं पोंचल्या, आणि त्यांतली एक पेणच्या एका ओटीवर आली. मूळ नष्ट झालें तरी त्याचें रूप टिकावें, हें काम शिल्पानें आणि ग्रंथानें करावें अशी आपली कल्पना असते. येथें तें मुलाच्या खेळण्यानें केलें.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों, कारण तो उतरणीचा आहे. १९७० नंतर मोटारकंपन्यांनीं अशा प्रतिकृति वांटणें हळूहळू आंखडतें घेतलें. १९७३ सालीं तेल महागलें, आणि प्लास्टिकहि तेलाचेंच अपत्य असल्यानें तेंहि महागलें. तीन संध्याकाळ बसून गाडी जोडावयाचें धैर्य असलेलीं मुलेंहि कमी होऊं लागलीं. तेव्हां जो-हाननें जे जुने साचे नशिबानें न खरवडतां राहिले होते, त्यांतून जुन्या गाड्या पुन्हां काढून 'यू. एस. ए. ओल्डीज' ह्या नांवानें विकल्या; जुन्या पोथींची नवी आवृत्ति निघावी तसा हा प्रकार होता. परंतु त्यानें फार काळ निभावलें नाहीं. कारखाना हातोहात फिरत १९९१ सालीं 'सेव्हिल एंटरप्रायझेस' ह्या कंपनीकडे गेला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं संच शेवटचे निघाले, आणि जो-हान नांव बाजारांतून उठलें. साच्यांची पांगापांग झाली. डिंकी हें इंग्लंडांतलें धातूच्या गाड्यांचें नांव पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांच्या जुन्या साच्यांपैकीं कांहीं १९६०-७० च्या दशकांत आपल्या कलकत्त्यास आले, आणि त्यांतून 'निकी' नांवाच्या गाड्या निघाल्या. साचाहि माणसासारखाच पोटापाण्याकरितां देशांतर करतो. मात्र त्याचा जन्मदाता कोण, कोणत्या सालीं कोणत्या हातानें तो कोरला गेला, ह्याची नोंद त्याच्याबरोबर प्रवास करीत नाहीं.

मला जें सांगावयाचें आहे तें ह्या नोंदीपाशीं येऊन पोंचतें. हॅनलीच्या कारखान्यांत शेंकडों गाड्या कोरणारे हात कोणाचे, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. पेटीवर नांव मोटारीचें, त्याखालीं नांव कारखान्याचें. कोरणाऱ्याचें नांव कोठेंच नाहीं. आणि पेणास काय दिसतें? ज्या मूर्तिकारानें बैठकीचा एखादा नवा डौल काढला, सोंडेस एखादें नवें वळण दिलें, त्याच्या मूर्तीवरून साचा निघतो; त्या साच्यांतल्या मूर्तीवरून दुसरा कोणी दुसरा साचा काढतो, त्यावरून तिसरा. दर पायरीस नक्षीची धार थोडी बोथट होते, आणि मूळ हात थोडा अधिक विसरला जातो. पांचसहा वर्षांनीं तीच मूर्ति गांवोगांव दिसते, पण ती प्रथम कोणीं घडविली हें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. पाठभेदानें बिघडलेल्या पोथ्या पडताळून मूळ पाठ शोधावयाची विद्या आमच्या पंडितांस होती. बिघडलेल्या साच्यावरून मूळ मूर्ति शोधावयाची विद्या अद्यापि कोणीं काढलेली नाहीं.

अलीकडे आमच्या गांवचा सारा ऊहापोह शाडू कीं प्लास्टर, ह्या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतो. २०२० सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें प्लास्टरच्या मूर्तींवर निर्बंध सुचविले, आणि २०२५ सालीं हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें गाजला. हजारों कुटुंबांच्या पोटाचा आणि नद्यांच्या पाण्याचा हा प्रश्न असल्यामुळें तो मोठा आहे, ह्यांत शंका नाहीं, आणि त्याचा निर्णय जाणत्यांनीं करावा. पण द्रव्य शाडूचें असो वा प्लास्टरचें, साचा दोहोंसहि लागतोच, आणि साच्यापूर्वीं बोटें लागतात. ती बोटें पुढच्या पिढीस मिळतात कीं नाहीं, ही मला खरी काळजी वाटते. शाळेंत असतांना सुरेख चित्र काढणारीं, मातीस हात लावतांच तिला आकार देणारीं मुलें मीं दरवर्षीं पाहिलीं. त्यांतलीं कित्येक पुढें धाटावच्या रसायनांच्या कारखान्यांत किंवा मुंबईच्या कचेऱ्यांत गेलीं. त्यांनीं संसार नीट केले, ह्याचा मला आनंदच आहे. परंतु त्यांच्या बोटांतलें जें होतें तें त्यांच्याबरोबर गेलें, आणि त्याचा साचा कोणापाशींच उरला नाहीं.

खेळण्यांच्या धंद्यास सध्यां सरकारनें अनुकूल वारा दिला आहे. परदेशांतून येणाऱ्या खेळण्यांवरील जकात २०२० सालीं वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली, २०२३ सालीं ती सत्तर टक्क्यांवर गेली. आणि २०२१ च्या आरंभापासून खेळण्यांस भारतीय मानकाची मोहोर सक्तीची झाली. साचे काढणारें पेण आणि पॉलिस्टायरिन बनविणारा रोहे तालुका ह्यांची गांठ घालून देणारा कोणी उद्योगी तरुण निघाला, तर प्रतिकृतीस विषय कमी नाहींत. धरमतरच्या खाडींतला मचवा आहे, १९०७ पासून नेरळहून माथेरानास चढणारी चिमुकली आगगाडी आहे, तांबडी एस. टी. आहे. आणि कुर्ल्याच्याच कारखान्याची पद्मिनी आहे! १९४७ सालीं प्लिमथ जुळविणाऱ्या त्याच कंपनीनें पुढें फियाटच्या नमुन्यावर ही गाडी बनविली, आणि काळ्या-पिवळ्या रंगांत तिनें मुंबईची कित्येक वर्षें वाहतूक केली. २०२३ च्या आक्टोबर अखेरीस तिची शेवटची टॅक्सी नियमाप्रमाणें रस्त्यावरून उतरली. त्यानंतर जन्मलेल्या मुलास ती टॅक्सी पाहावयाची झाली तर चित्रांत, किंवा कोणी मनावर घेऊन तिची प्रतिकृति केली तर हातांत.

हें होईल तेव्हां होवो. त्यास भांडवल लागेल आणि धैर्यहि लागेल. पण त्याआधीं होण्यासारखें एक काम आहे, त्यास दोन्हींची गरज नाहीं. ज्या ज्या कार्यशाळेंत नवी मूर्ति घडेल, त्या मूर्तीची एक प्रत रंग न देतां, विसर्जन न करतां जपून ठेवावी. तिच्या पाठीवर घडविणाऱ्याचें नांव आणि साल कोरावें. आणि अशा प्रती गांवच्या शाळेंत किंवा वाचनालयांत एका कपाटांत मांडाव्या. आमच्याकडे पोथी लिहून संपली कीं शेवटीं लेखक आपलें नांव, गांव आणि शक घालीत असे. तीच रीत मूर्तीस लावावयाची. धर्मास ह्यांत बाध येण्याचें कारण नाहीं, कारण प्राणप्रतिष्ठेपूर्वीं ती मूर्ति म्हणजे कारागिराची कृति असते. शाळेंतल्या मुलांस ती हातीं धरून पाहतां येईल. आपल्या गल्लींतल्या कोणा काकांनीं तें वळण प्रथम काढलें, हें त्यांस वाचतां येईल. आणि त्यांतल्या एखाद्याची बोटें मातीकडे ओढ घेतील. नातवाची गाडी सध्यां आमच्या पुस्तकांच्या फळीवर आहे. तिच्या तळाशीं कारखान्याचें नांव बारीक अक्षरांत उमटलेलें आहे, म्हणूनच मला एवढी चौकशी करतां आली. पेणच्या मूर्तींच्या बाबतींत पुढें कोणास अशी चौकशी करावीशी वाटली, तर तिला आधार मिळण्याची सोय यंदांच्या मोसमापासून आपणांस करतां येईल.